सेकंदाला आठ हजार वेळा

मुलांनो, घरातल्या जुन्या लँडलाइन फोनवर आजीला कधी तुमच्या नव्या मित्राचं नाव सांगून बघितलंय? तुम्ही म्हणता "सागर", आजी म्हणते "कोण फागर?" मग तुम्ही ओरडता, "अगं, स सशाचा!" आजीचे कान तसे ठीक असतात. चूक तुमच्या उच्चाराचीही नसते. 'स' म्हणताना दातांच्या फटीतून जी शीळ निघते ना, तिचा बराचसा भाग फोनने वाटेतच गाळून टाकलेला असतो.

का बरं? आवाज म्हणजे हवेची थरथर. आपण बोलतो तेव्हा त्या थरथरीत हळू कंपनंही असतात आणि जलद कंपनंही. टेलिफोनच्या इंजिनिअरांनी फार पूर्वीच ठरवून टाकलं, की सेकंदाला साधारण ३०० ते ३,४०० कंपनं एवढाच आवाजाचा तुकडा तारेतून पाठवायचा. माणूस ओळखू येतो, बोलणं समजतं, रागावलाय की खूश आहे तेही कळतं. तेवढ्याने काम भागतं. 'स'ची शीळ बहुतेक ४,००० च्या वर असते, म्हणून ती बिचारी गळते.

हा निर्णय तसा साधा वाटतो. पण त्यातून एक आकडा जन्माला आला, आणि तो आकडा तांब्याच्या तारांमधून निघून काचेच्या तंतूंमध्ये शिरला, तिथून तुमच्या घरातल्या वायफायच्या डब्यापर्यंत आला. आज त्या आकड्याचा पाठलाग करू. वही आणि पेन्सिल जवळ ठेवा. गुणाकार आहेत, पण सोपे आहेत.

आवाज आकड्यांमध्ये बदलायचा, तर त्याचे नमुने घ्यावे लागतात. म्हणजे ठरावीक वेळाने बघायचं, की आत्ता या क्षणी लाट किती उंच आहे, आणि ती उंची लिहून ठेवायची. पुन्हा बघायचं, पुन्हा लिहायचं. किती वेळा बघायचं? याचा नियम गणिताने दिलाय: सर्वांत जलद कंपनाच्या दुपटीहून जास्त वेळा. फोनमध्ये वरची हद्द ३,४००, थोडी जागा सोडून ती धरली ४,०००. दुप्पट केले, आले ८,०००. हाच तो आपला आकडा. सेकंदाला ८,००० वेळा. दोन नमुन्यांमध्ये १२५ मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी फक्त १२५.

प्रत्येक उंची लिहायला ८ बिट, म्हणजे एक बाइट. आठ बिटांत २५६ वेगवेगळ्या उंच्या लिहिता येतात. इथे इंजिनिअरांनी एक फार हुशारीचं काम केलं. त्यांनी २५६ पायऱ्या सारख्या अंतरावर ठेवल्या नाहीत. हळू आवाजासाठी पायऱ्या अगदी जवळजवळ, मोठ्या आवाजासाठी लांबलांब. कुजबुजताना बारीकसा फरकही कानाला कळतो, ओरडताना कळत नाही. म्हणून हळू बोलणारा माणूसही फोनवर स्वच्छ ऐकू येतो. मला विचाराल, तर या सगळ्या गोष्टीत मला सर्वांत आवडलेली युक्ती हीच.

आता करा गुणाकार. ८ बिट गुणिले ८,००० म्हणजे सेकंदाला ६४,००० बिट. एका माणसाचं एका दिशेचं बोलणं म्हणजे ६४ किलोबिट. टेलिफोनच्या जगातला हा सर्वांत लहान हिशोबी तुकडा. इंजिनिअर त्याला 'डीएस-झीरो' म्हणतात.

आवाजाचे असे आकडे करून पाठवायची कल्पना अ‍ॅलेक रीव्ह्ज या इंग्रज इंजिनिअरला पॅरिसमध्ये काम करताना सुचली, आणि १९३८ साली त्याने तिचं फ्रान्समध्ये पेटंट घेतलं. 'पीसीएम' नावाने ती ओळखली जाते. पण तेव्हा यंत्रं काचेच्या व्हॉल्व्हवर चालायची. एवढं काम त्यांच्याकडून करून घ्यायचं तर खर्च अफाट. कल्पना तशीच पडून राहिली. १९४७ साली ट्रान्झिस्टर आला, आणि मग कुठे तिचे दिवस फिरले. रीव्ह्जचं नाव लक्षात ठेवा, तो पुन्हा भेटणार आहे.

पुढचा प्रश्न असा, की एका बोलण्यासाठी एक तारेची जोडी किती दिवस पुरवणार? शहरात एका एक्स्चेंजपासून दुसऱ्या एक्स्चेंजपर्यंत जमिनीखालून तांब्याच्या केबली गेलेल्या असतात. फोन वाढले की जोड्या वाढवायच्या, रस्ते पुन्हा खणायचे. मग लोकांच्या लक्षात आलं: दोन नमुन्यांमध्ये १२५ मायक्रोसेकंद तार रिकामीच असते! तेवढ्या वेळात दुसऱ्यांची बोलणी पाठवली तर?

इथे मुंबईची लोकल डोळ्यांपुढे आणा. समजा, दर १२५ मायक्रोसेकंदांनी एक लोकल सुटते. तिला ३२ डबे आहेत आणि प्रत्येक डब्यात एकच बाइट मावतो. पहिल्या डब्यापासून मोजायला शून्याने सुरुवात करू. शून्य नंबरचा डबा प्रवाशांसाठी नाही. 'गाडी इथून सुरू होते' अशी खूण त्यात असते, नाहीतर पलीकडच्या यंत्राला कळणार कसं, की कुठला डबा कुणाचा? सोळावा डबाही राखीव. कोणी नंबर फिरवला, कोणी फोन ठेवला, असे निरोप त्यातून जातात. उरलेल्या ३० डब्यांत ३० माणसांची बोलणी. तुमचा डबा पाचवा असेल, तर दर गाडीच्या पाचव्या डब्यात तुमच्या आवाजाचा एकेक नमुना. तीस फोन, आणि तारेच्या जोड्या फक्त दोन, एक जायला आणि एक यायला.

३२ डबे गुणिले ८ बिट गुणिले ८,००० गाड्या. किती आले? २०,४८,०००. याला 'ई-वन' म्हणतात, २.०४८ मेगाबिट. आपल्याकडे टेलिफोनच्या कामातली माणसं त्याला नुसतं 'टू एमबी' म्हणतात. युरोपात आणि भारतात हीच गाडी चालते.

अमेरिकेने मात्र वेगळी गाडी काढली, आणि तीही आधी. १९६२ साली शिकागोच्या भागात त्यांची 'टी-वन' सुरू झाली. तिला २४ डबे आणि गाडीची खूण म्हणून शेवटी फक्त एक बिट. २४ गुणिले ८ झाले १९२, अधिक १ म्हणजे १९३. त्याला ८,००० ने गुणा: १५,४४,०००. म्हणजे १.५४४ मेगाबिट. जपाननेही तीच गाडी घेतली. ती तांब्यातून नेताना दर ६,००० फुटांवर एक यंत्र बसवलं, जे दमलेला संदेश पुन्हा ताजा करून पुढे पाठवतं. ६,००० फूटच का? कारण जुन्या फोनच्या तारांना लागणारी वेटोळी आधीपासून तेवढ्या अंतरावर जमिनीखाली बसवलेली होती. ती काढायची आणि त्याच जागी नवी यंत्रं ठेवायची, म्हणजे नवं खोदकाम नको.

आपल्या देशातली पहिली पीसीएम यंत्रणा कुठे बसली, ठाऊक आहे? मुंबईत! १९७५ साली मुंबई शहर आणि अंधेरी या एक्स्चेंजांच्या दरम्यान. आणि त्यानंतर चारच वर्षांनी, १९७९ साली, पुण्यात एका एक्स्चेंजपासून दुसऱ्या एक्स्चेंजपर्यंत ऑप्टिकल फायबर पडली. शहरांतर्गत एक्स्चेंजं जोडणारी भारतातली पहिली फायबर यंत्रणा ती. तांब्याकडून काचेकडे जाणाऱ्या वाटेवरची दोन मोठी पावलं महाराष्ट्रात पडली आहेत, आणि ती आपल्या पाठ्यपुस्तकात असायला हवीत, असं मला मनापासून वाटतं.

फायबर म्हणजे काचेचा लांबच लांब तंतू. त्याची जाडी १२५ मायक्रॉन, म्हणजे एक मिलिमीटरचा आठवा भाग. त्याच्या मध्यभागी जेमतेम ९ मायक्रॉनचा गाभा, आणि प्रकाश धावतो तो त्या गाभ्यातून, सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर. दिवा लागला की १, विझला की ०, असं सेकंदाला कोट्यवधी वेळा. १९६० च्या दशकात मात्र काच इतकी अशुद्ध असायची, की तिच्यातून प्रकाश थोडे मीटर गेला की मावळायचा. चार्ल्स काओ या शास्त्रज्ञाने १९६६ साली आपल्या सहकाऱ्याबरोबर निबंध लिहून दाखवलं, की दोष काचेचा नाही, तिच्यातल्या घाणीचा आहे. काच पुरेशी शुद्ध करा, एक किलोमीटरनंतर शंभरातला एक भाग प्रकाश उरला तरी टेलिफोन चालेल. १९७० साली अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीने तशी काच करून दाखवली. आजच्या चांगल्या फायबरमध्ये एक किलोमीटरनंतर शंभरातले सुमारे ९५ भाग शिल्लक राहतात! काओंना २००९ साली नोबेल मिळालं. आणि १९६६ साली ते इंग्लंडमधल्या ज्या प्रयोगशाळेत काम करत होते, तिथेच आपला अ‍ॅलेक रीव्ह्जही होता. आवाजाचे आकडे करणारा माणूस आणि त्या आकड्यांना काचेची वाट दाखवणारा माणूस, दोघे एकाच छपराखाली.

झालं तर मग, काच आली. आता त्या लोकल गाड्या काचेत घालायच्या. सोपं वाटतं ना? इथेच घोळ होता.

चार ई-वन एकत्र करून मोठी गाडी करायची, तर ४ गुणिले २.०४८ म्हणजे ८.१९२ मेगाबिट यायला हवेत. पण त्या मोठ्या गाडीचा खरा वेग ठरला ८.४४८. जास्तीचे बिट कशाला? कारण प्रत्येक एक्स्चेंजचं घड्याळ वेगळं. ई-वनला मुभा अशी, की सेकंदाला शंभरेक बिट इकडेतिकडे झाले तरी चालेल. चार गाड्या चार घड्याळांवर धावत असल्या, की त्या एकमेकींशी नेमक्या जुळत नाहीत. मग जी गाडी मागे पडते, तिच्यात भरतीचे बिट घालून तिला बरोबरीला आणतात. त्याला 'स्टफिंग' म्हणतात. त्याच्यावरची गाडी ३४.३६८ मेगाबिट, त्याच्याही वर १३९.२६४. दर वेळी पुन्हा भरती.

याचा त्रास मधल्या गावाला व्हायचा. मोठी गाडी एका शहरातून दुसऱ्या शहराला चाललीय, आणि वाटेतल्या गावाला तिच्यातलं एकच ई-वन उतरवून हवंय. पण भरतीच्या बिटांमुळे कुठला डबा नेमका कुठे आहे, ते बाहेरून कळत नाही. म्हणून १३९ ची गाडी उलगडून ३४ च्या करायच्या, त्या उलगडून ८ च्या, त्या उलगडून २ च्या. आपलं एक ई-वन काढायचं आणि बाकीचं सगळं पुन्हा तसंच बांधायचं. खोलीभर यंत्रं, ती एवढ्यासाठी!

त्यात भर म्हणजे अमेरिकेची गाडी वेगळी, युरोपची वेगळी. आणि फायबरची यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांचे वेग आपापले. एका कंपनीच्या यंत्रातून निघालेला प्रकाश दुसऱ्या कंपनीच्या यंत्राला वाचता येत नसे. अमेरिकेत यावर 'सॉनेट' नावाचा नियम तयार होऊ लागला. युरोपचं म्हणणं पडलं, की आमच्या गाड्यांनाही त्यात जागा हवी. वाटाघाटी झाल्या, आणि १९८८ साली जगाने एकच मांडणी मान्य केली. ती 'एसडीएच'. आता पेन्सिलीला नीट टोक काढून घ्या, कारण खरी गंमत पुढे आहे.

त्यांनी एक चौकट आखली. ९ ओळी आणि २७० रकाने, प्रत्येक घरात एक बाइट. ही चौकट किती वेळा पाठवायची? सेकंदाला ८,००० वेळा! आवाजाचा जुनाच ठेका. ९ गुणिले २७० म्हणजे २,४३० घरं, गुणिले ८ बिट, गुणिले ८,०००. उत्तर १५,५५,२०,०००, म्हणजे १५५.५२ मेगाबिट. हिचं नाव 'एसटीएम-वन'. अमेरिकेची चौकट तिच्या बरोबर एक तृतीयांश: ९ ओळी, ९० रकाने, ५१.८४ मेगाबिट. १५५.५२ हा आकडा पहिल्यांदा बघितला, की कुणी डोळे मिटून निवडलाय असं वाटतं. पण त्याच्यात एकही बिट उगाच आलेला नाही.

दोन्हीकडच्या गाड्या या एका चौकटीत कशा बसवल्या, ते जवळून बघू. चौकटीतून १२ रकान्यांचा एक गठ्ठा उचला. ९ ओळी आहेतच. युरोपची किंवा आपली गाडी घालायची असेल, तर १२ चे तीन भाग करा. प्रत्येक भाग ४ रकान्यांचा. ४ गुणिले ९ म्हणजे ३६ घरं. ई-वनला लागतात ३२. चार घरं उरली, त्यांत गाडीची कागदपत्रं आणि तिची जागा सांगणारा पत्ता. आता अमेरिकेची गाडी घालायची? त्याच १२ चे चार भाग करा. प्रत्येक भाग ३ रकान्यांचा. ३ गुणिले ९ म्हणजे २७ घरं. टी-वनला लागतात २४ आणि वर एक बिट. इथेही पत्त्यापुरती जागा उरतेच. बारा या आकड्याला तीनानेही भाग जातो आणि चारानेही, या एवढ्याशा गोष्टीवर दोन खंडांची तडजोड उभी राहिली. पाढे पाठ करायचा कंटाळा येतो ना? बघा, बारा कुठे कामाला आला.

असे सात गठ्ठे मिळून एक मोठा गठ्ठा, आणि तसे तीन मोठे गठ्ठे एका चौकटीत. म्हणजे ३ गुणिले ७ गुणिले ३, एकूण ६३ ई-वन. टी-वन असतील तर ४ गुणिले ७ गुणिले ३, एकूण ८४. ६३ ई-वन म्हणजे १,८९० माणसांची बोलणी, आणि वाहून नेणारा काचेचा तंतू एवढासा.

चौकटीचे पहिले ९ रकाने सामानाचे नाहीत, व्यवस्थेचे आहेत. गाडीची सुरुवात कुठे, चूक झालीय का, देखभालीचे निरोप काय, हे सगळं तिथे असतं. आणि त्यातच 'पॉइंटर' असतात. सामान अमुक घरापासून सुरू होतंय, असं पॉइंटर सांगतो. घड्याळं किंचित पुढेमागे झाली, तर सामान एखाद्या घराने सरकतं आणि पॉइंटर तो नवा पत्ता सांगतो. वाटेतल्या गावाला आता सगळं उलगडायची गरज उरली नाही. पत्ता वाचायचा, आपलं ई-वन काढायचं, त्या जागी नवं ठेवायचं, गाडी पुढे. मला तर हा शोध फायबरच्या वेगापेक्षाही मोठा वाटतो.

घड्याळंही सुधारली. मोठ्या एक्स्चेंजांत अणुघड्याळं आली. अशी दोन घड्याळं वेगवेगळी चालत असली, तरी त्यांच्यात १२५ मायक्रोसेकंदांचा फरक पडायला सत्तर दिवसांहून जास्त लागतात.

याच्या वरचे वेग काढायला आता तुम्हाला माझी गरज नाही. चार एसटीएम-वन म्हणजे ६२२.०८ मेगाबिट. सोळा म्हणजे २,४८८.३२. चौसष्ट म्हणजे ९,९५३.२८. इथे वरच्या पायरीला भरतीचे जास्तीचे बिट लागत नाहीत, चौपट म्हणजे नेमकी चौपट. कॉम्प्युटर जोडणाऱ्या इथरनेटचे वेग असे नसतात. ते १०, १००, १,००० असे गोल आकडे, कारण इथरनेट कॉम्प्युटरवाल्यांच्या घरात वाढलं. टेलिफोनच्या घरात वाढलेल्या वेगांमध्ये ८,००० चा गुणाकार सापडतो.

पण हे सगळं जुनं झालं ना, असं म्हणाल. आता बोलणं मोबाइलवरून जातं, व्हिडिओ येतात, ई-वन कुणाला हवंय? तर ज्यांच्या घरी फायबरचं इंटरनेट आहे, त्यांनी भिंतीवरच्या त्या छोट्या डब्याकडे बघा. त्याला 'ओएनटी' म्हणतात. बऱ्याच घरांतला डबा 'जीपॉन' नावाच्या पद्धतीवर चालतो, आणि त्याच्या लेबलवर तसं लिहिलेलंही असतं. एका फायबरमधला प्रकाश वाटून ३२ किंवा ६४ घरांना दिला जातो, आणि प्रत्येक डबा आपल्या नावाचा मजकूर तेवढा उचलतो. तुमच्या घराकडे येणारी जीपॉनची प्रत्येक चौकट ३८,८८० बाइटची, आणि ती येते दर १२५ मायक्रोसेकंदांनी. तुम्ही कार्टून बघत असा, नाहीतर मामाशी व्हिडिओवर बोलत असा, चौकटी त्याच ठेक्यावर येत असतात.

शेवटचा गुणाकार तुमच्यावर सोडतो: ३८,८८० गुणिले ८ गुणिले ८,०००. उत्तर आलं की वर बघा, त्या सोळा एसटीएम-वनच्या वेगाशी जुळतंय का. आणि एक कळकळीची सूचना. डब्याला जोडलेली ती बारीक पिवळी किंवा पांढरी वायर कधी काढू नका, आणि तिच्या टोकात डोळा लावून तर मुळीच बघू नका. तिच्यातला प्रकाश अवरक्त असतो. तो आपल्याला दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. लेबल मात्र खुशाल वाचा, आणि कुठली पद्धत लिहिली आहे ते आम्हाला पत्राने कळवा.